नऊवारीच्या आठ खुर्च्या

घरं सजवायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. शिक्षण इंटीरियर डिझाइनचं, पण या शहरात मला लोक ओळखतात ते कापडामुळं. लाकूड, फरशी, रंग हे सगळेच करतात. मी कापडावर नाव मिळवलं.

जालना रोडवरच्या एका हॉटेलात मी स्वागतकक्षाच्या मागं दोन काचांमध्ये हिमरूचे तुकडे बसवले होते. विणकराकडं मागावरचं सूत संपताना उरलेल्या, कुणी विकत न घेतलेल्या पट्ट्या होत्या त्या. मागून दिवा लावला की त्यातली वेलबुट्टी उजळून निघायची आणि लोक तिथं उभं राहून फोटो काढायचे. एका दातांच्या दवाखान्यात मी खणाच्या कापडाच्या चौकटी भिंतीवर न लावता छताला लावल्या, कारण त्या खुर्चीत आडवा पडलेला माणूस दुसरं काही बघूच शकत नाही. एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात बोललेला शब्द न् शब्द घुमायचा, तिथं जाड सतरंजी भिंतभर ताणून बसवली. घुमणं थांबलं आणि भिंतही देखणी झाली. अशा कामांचा मला अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू. कापड समोर आलं की माझे डोळे आधी पन्हा मोजतात, मग ते कुणाचं आहे ते बघतात. माझ्या हातून जे झालं त्याचं मूळ या सवयीतच आहे, असं मला वाटतं.

पाच वर्षांपूर्वी बीड बायपासच्या पलीकडं एका डॉक्टर नवरा-बायकोचा बंगला माझ्याकडं आला. सगळे निर्णय बाईच घ्यायच्या. त्या हुशार होत्या, स्वभावानं मोकळ्या, आणि त्यांच्याकडं वेळ अजिबात नसायचा. त्यांचे सासरे तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. बंगला पूर्ण होईपर्यंत ते सिडकोतल्या जुन्या घरात एकटेच राहत होते. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं.

एका रविवारी सकाळी डॉक्टरबाईंनी मला त्या जुन्या घरी बोलावलं. सासरे बाहेर फिरायला गेले होते. त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि उघडली. आत सासूबाईंच्या सहा साड्या होत्या, प्रत्येक वेगळ्या मलमलच्या कापडात बांधलेली, मध्ये कडुनिंबाचा पाला. इरकल होती, एक नारायणपेठ, लग्नातला शालू, आणि सगळ्यात खाली वांगी रंगाची नऊवारी पैठणी. पदरावर दोन मोर, जर अजून पिवळीधमक. ती साडी सासऱ्यांनी पगारातला फरक मिळाल्यावर स्वतः पैठणला जाऊन आणली होती, एवढी एकच महागाची वस्तू त्यांनी आयुष्यात बायकोला घेऊन दिली, असं डॉक्टरबाईंनीच मला सांगितलं.

"ह्यांचं काहीतरी करा," त्या म्हणाल्या. "नव्या घरात सगळीकडं आई दिसल्या पाहिजेत."

मी तिथंच मनात मांडणी करून टाकली. पदर चौकटीत, दिवाणखान्याच्या मुख्य भिंतीवर. बाकीच्या साड्यांचे अभ्रे, दिव्यांची आवरणं, पलंगाची पाठ. आणि नऊवारीचं अंग एवढं मोठं, की जेवणाच्या टेबलाच्या आठही खुर्च्यांच्या बैठका आणि पाठी त्यात निघत होत्या. असं काम तोवर शहरात कुणी केलेलं नव्हतं.

एक प्रश्न मी विचारला, तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. काकांना चालेल ना, असं मी विचारलं.

"बाबांना काय विचारायचं? त्यांना सरप्राइज द्यायचंय. ट्रंकेत पडून राहण्यापेक्षा रोज डोळ्यांसमोर राहील."

हे उत्तर मला पटलं नाही, सोयीचं मात्र वाटलं. मी साड्या गाडीत घातल्या.

माझं सगळं शिवणकाम मुकुंदवाडीत, स्टेशनच्या मागं दोन खोल्यांत चालायचं. ते करणारी बाई मूळची पिशोरची. शेती भावांकडं गेली, ही लग्न होऊन शहरात आली आणि परकर-ब्लाउज शिवता शिवता पडदे, गाद्या, सोफ्याची आवरणं यात तरबेज झाली. पन्नाशीची होती, मी तिला काकू म्हणायची. नऊ वर्षं तिनं माझं काम केलं होतं. मी कागदावर काढलेली कल्पना कापडात उतरवताना कुठं फसेल ते तिला आधी दिसायचं. छताच्या चौकटींत खण झोळ पडू न देता कसा ताणायचा ते तिनंच शोधून काढलं होतं. नाव माझं झालं, तिनंही त्याबद्दल कधी शब्द काढला नाही.

काकूनं रेशमाला हात लावायच्या आधी हात धुतले, पुसले आणि पैठणीची मलमल सोडली. घडी उलगडताना आतून एक कागद पडला. कॅलेंडरचं फाटलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनानं गोल अक्षरात लिहिलेलं. काकूनं वाचलं आणि माझ्या हातात दिलं. 'ही वांगी पैठणी लेकीची. तिच्याच हातात द्यावी.'

मी बाहेर ओट्यावर जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या दवाखान्यात होत्या, मागं पेशंटचा आवाज येत होता. त्यांनी हसण्यावारी नेलं. शेवटी शेवटी आईंनी सगळ्यावरच चिठ्ठ्या लावल्या होत्या, मिक्सरवरसुद्धा, असं म्हणाल्या. नणंद सोयगावला शाळेत शिकवते, ती साडी नेसतच नाही, ड्रेस घालूनच फिरते, तिला पैठणी घेऊन काय करायचंय. तुम्ही कामाला लागा.

मी आत आले. काकू साडीला हात न लावता उभी होती.

"काय म्हणल्या?"

"करा म्हणाल्या."

"लेकीला इचारलं व्हय त्यांनी?"

"ते त्यांच्या घरातलं आहे, काकू. आपण कशाला पडायचं त्यात?"

तिनं थोडा विचार केला. मग कात्री माझ्या बाजूला सरकवली.

"शिवायचं म्हणाल तेवढं शिवीन मी. पर ह्याला कात्री मी नाय लावणार. तुम्हाला लावायची तर लावा."

मला राग आला. वास्तुशांतीची तारीख ठरली होती, फोटोग्राफर ठरला होता, सुतार खुर्च्या घेऊन खोळंबला होता. आणि खरं सांगायचं तर शिवणाऱ्या बाईनं मला शिकवावं हे मला सहन झालं नाही. मी कात्री उचलली. आधी पदर वेगळा केला. काठावरून जाताना जर कात्रीत करकरली, पुढं नुसतं रेशीम आलं तशी कात्री सुळकन गेली. पंधरा मिनिटांत सगळं कापून झालं. काकू शेजारी उभी राहून बघत होती. मग तिनं तुकडे गोळा केले, मोजले आणि कामाला बसली. शिवण नेहमीसारखीच नेटकी होती. चिठ्ठी मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली.

जुनं रेशीम बैठकीला टिकत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मागून पेस्टिंग लावून घेतलं, म्हणजे गोंद असलेलं अस्तर गरम इस्त्रीनं कायमचं चिकटवून टाकलं. ते एकदा बसलं की कापड पुन्हा मोकळं होत नाही.

वास्तुशांतीला काका, म्हणजे डॉक्टरबाईंचे सासरे, नव्या घरात आले. नवा सदरा, हातात काठी. त्यांना आधी दिवाणखान्यात नेलं. डॉक्टरबाई मोबाइलवर चित्रीकरण करत होत्या. काका चौकटीसमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

कसं वाटलं, असं सूनबाईंनी विचारल्यावर छान आहे म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

मग पंगत बसायची वेळ झाली. घरातल्या मोठ्यांसाठी टेबल मांडलं होतं. मुलानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. काकांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, बैठकीकडं वाकून बघितलं. बाकीच्या खुर्च्यांवर नातेवाईक बसलेले होते. कुणी रेलून, कुणी ओल्या हातानं पाठ धरून.

"ह्याच्यावर बसायचं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हो बाबा, बसा ना."

"मी खाली बसतो."

त्यांचे गुडघे गेलेले होते. भिंतीला धरून, काठी टेकत, कितीतरी वेळ घेत ते स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसले. जुन्या माणसांना सवय असते, असं कुणीतरी म्हणालं आणि वाढपी पुढं गेला. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेले. त्यांनी मान वर केली नाही.

त्यांची मुलगी सोयगावहून एसटीनं आली, तोवर एक वाजला होता. ती दिवाणखान्यात शिरली आणि तिथंच थबकली. मग जवळ जाऊन तिनं काचेवर बोट ठेवलं, पदराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं काठाला बारीक रफू होतं. मी ते रफू मुद्दाम दाखवायला ठेवलं होतं, जुनेपणाला शोभतं म्हणून. ते का झालं होतं ते मला नंतर समजलं. लहानपणी तिच्या फुलबाजीची ठिणगी उडाली होती आणि आईनं न रागावता गुलमंडीवरच्या रफूगाराकडून ते भरून आणलं होतं.

ती वडिलांशेजारी जमिनीवर बसून जेवली. नंतर हात धुवायच्या बेसिनपाशी तिनं मला गाठलं.

"हे तुम्ही केलंत का?"

"हो."

"आत चिठ्ठी होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आईनं माझ्यासमोर लिहून ठेवली होती. ती कुठंय?"

पर्स माझ्या खांद्याला होती. कप्पा उघडून देण्याएवढंच काम होतं. पण दिली असती तर आम्ही ती वाचूनही साडी कापली हे कबूल केल्यासारखं झालं असतं. समोर डॉक्टरबाईंच्या मैत्रिणी उभ्या होत्या आणि त्यातल्या दोघींनी सकाळीच माझा नंबर घेतला होता.

"चिठ्ठी नव्हती," मी म्हणाले. "मला तरी मिळाली नाही."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. बरं, एवढंच म्हणाली आणि वळली.

पुढच्या आठवड्यात काका थोडे दिवस म्हणून मुलीकडं सोयगावला गेले आणि परत आले नाहीत. त्या बंगल्याचे फोटो एका मासिकात छापून आले. आमच्या व्यवसायातल्या लोकांच्या मेळाव्यात मला मानचिन्ह मिळालं. आठवणींना घरात जागा करून देणारी कलाकार, असं माझ्याबद्दल बोलले. मी मंचावर उभं राहून ऐकून घेतलं. फोन यायला लागले. आजीच्या, आईच्या, सासूच्या साड्या घेऊन लोक यायचे आणि मी कापत राहिले. काकूनं एकदाच विचारलं, चिठ्ठी पोचवली का म्हणून. मी दिली म्हणाले. तिला बरं वाटलं. त्या दिवशी तिनं कितीतरी दिवसांनी माझ्यासाठी चहा टाकला.

दहा महिन्यांत खुर्च्या फाटल्या. बैठकीच्या पुढच्या कडेला रेशीम उभं चिरत गेलं आणि जरीचे धागे बाहेर आले. ते पाहुण्यांच्या कपड्यांत अडकायला लागले. डॉक्टरबाईंना आता साधी करड्या रंगाची मखमल हवी होती. मी आणि काकू दोघी गेलो. काकू खुर्ची उलटी करून बारीक खिळे उपटत होती, मी मखमलीचे नमुने दाखवत होते.

बोलता बोलता डॉक्टरबाई नणंदेवर आल्या.

"ताई अजून तेच धरून बसलीये, चिठ्ठी होती म्हणून. बरं झालं तुम्हीच तिला तेव्हा नव्हती म्हणून सांगितलंत. हे पण तेच म्हणाले, की ती मनानं रचून सांगते. नाहीतर उगाच सगळ्यांसमोर तमाशा झाला असता."

काकूचे हात क्षणभर थांबले. मग तिनं पुढचा खिळा उपटला. आठही खुर्च्या तिनं सोलून काढल्या. डॉक्टरबाईंनी फाटक्या कापडांची पिशवी टाकून द्यायला सांगितली, ती तिनं उचलून माझ्या गाडीत ठेवली. फाटकाबाहेर आल्यावर ती थांबली.

"मॅडम, तुमचं काम आता दुसऱ्या कुणाला द्या."

मी काहीतरी सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं, सगळं, मान हलवत. आणि रिक्षा थांबवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी माझे उरलेले तागे, नमुने, अस्तरं, सगळं घड्या घालून तिनं पाठवून दिलं. त्यात एक सुई कमी नव्हती.

त्यानंतर महिन्याभरानं मी सोयगावला गेले. स्वतःला काय सांगत होते आठवत नाही. बहुतेक, उशिरा का होईना चूक सुधारतेय असंच काहीतरी. काका अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं.

"तुम्ही त्या खुर्च्यांवाल्या ना," ते म्हणाले आणि आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मुलगी बाहेर आली. मी चिठ्ठी दिली, फाटक्या तुकड्यांची पिशवी दिली. तिनं उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं, "कापली कुणी?"

"मीच."

"टेलरनं नाही?"

"ती नाही म्हणाली होती."

ती खाली पायरीवर बसली. तिनं जे सांगितलं ते मला तोवर माहीतच नव्हतं. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं भावाला जाब विचारला होता. तो वडिलांसमोर म्हणाला, की साडीच्या लोभानं तू मेलेल्या आईच्या नावावर खोटं बोलतेस. तेव्हापासून बहीण-भावात बोलणं नव्हतं. वडील मुलाचं घर सोडून आले ते खुर्च्यांमुळं नाही, त्या वाक्यामुळं.

"साडी गेली तर गेली असती," ती म्हणाली. "कापडच ते. पण त्या दिवशी तुम्ही हा कागद दिला असता, तर मी खोटी पडले नसते."

मी तिच्या भावाला फोन करून खरं सांगते म्हणाले. सांगा, म्हणाली. तिनं चहा केला, मी प्यायले. जाताना काकांनी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांसमोर उभं राहणं मला इतकं जड गेलं, की मी नमस्कारसुद्धा न करता गाडीत बसले.

मी फोन केला. भावानं शांतपणे ऐकलं आणि आता ह्याचा काय उपयोग, असं विचारून ठेवून दिला. डॉक्टरबाईंनी त्यानंतर माझं नाव कुणाला सुचवलं नाही. काका पुढच्याच वर्षी सोयगावलाच वारले. मुलगा सगळ्या विधींना होता. बहीण-भाऊ कामापुरतं बोलले, असं कानावर आलं. माझ्या सांगण्यानं काही जुळलं असेल असं मानायला मला आवडलं असतं. पण तसं काही घडल्याचं मला माहीत नाही.

काकू एकदा गुलमंडीवर कापडाच्या दुकानात भेटली. ती आता दुसऱ्या एका डिझायनरचं काम करते.

"पोचवली का?" तिनं विचारलं.

"पोचवली."

"लई उशीर केला," ती म्हणाली आणि दुकानदाराला अस्तराचा पन्हा विचारायला लागली.

आता साड्यांचं काम आलं की मी सांगते, ज्यांच्या साड्या आहेत त्यांना किंवा त्यांच्या माणसांना आधी भेटते. गेल्या महिन्यात उल्कानगरीतलं एक तरुण जोडपं आलं होतं. मुलाच्या आईच्या चार साड्या होत्या. आई हयात, गावाकडं राहणारी. तिला काही अडचण नाही, उलट आनंदच होईल, असं दोघं म्हणाले. त्या इकडं येतील तेव्हा मी येते, असं मी म्हणाले. ते हो म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत.

परवा त्या जोडप्याच्या घराचे फोटो मोबाइलवर आले. दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. पलंगाची पाठ पूर्ण नारायणपेठची, काठ चारी बाजूंनी कोपऱ्यात बरोबर काटकोनात जुळवलेला. त्यांनी त्या आईला विचारलं असेल का, हा विचार माझ्या मनात आला, पण जरा नंतर. आधी मी फोटो बोटांनी मोठा करून तो काठ कोपऱ्यात कसा वळवलाय ते बघत होते.